गॅरेजातल्या खड्ड्याचे काय करावे?

मैत्रिणींनो, प्रत्येकीच्या घरात एक तरी जागा अशी असते की तिचे काय करावे ते कुणालाच कळत नाही. कुणाकडे माळा असतो, कुणाकडे जिन्याखालची कोंदट खोली, कुणाकडे बंद पडलेले न्हाणीघर. आमच्याकडे खड्डा होता. बारा फूट लांब, तीन फूट रुंद आणि पाच फूट खोल, आणि तोही घराला लागून असलेल्या गॅरेजात, अगदी मधोमध! या खड्ड्यावरून आमच्या घरात दोन वर्षे बोलणी चालली होती. कधी हसत, कधी कपाळाला आठ्या घालून, आणि एकदोनदा तर जेवणाची ताटे तशीच राहिली.

हा खड्डा कसला, ते आधी सांगते. गाडीच्या पोटाखालचे काम करायचे तर मिस्त्रीला खाली शिरावे लागते. ऑईल काढायचे, ग्रीसिंग करायचे, पाटे बदलायचे, गिअर बॉक्स उतरवायचा. त्यासाठी जमिनीत असा लांबट खड्डा घेतात. गाडीची चाके दोन्ही काठांवर आणि मिस्त्री खड्ड्यात उभा. गॅरेजवाले त्याला ‘पिट’ म्हणतात. एस. टी.च्या डेपोत तुम्ही कधी डोकावला असाल तर बसखाली दिवा घेऊन उभी असलेली माणसे पाहिली असतील. तोच हा प्रकार, फक्त घरगुती आकाराचा.

आमच्या मामंजींनी तो स्वतः उभे राहून बांधून घेतला होता. आमचे मुखेड म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे तालुक्याचे गाव. रेल्वे नाही. उदगीर, अहमदपूर, कंधार, देगलूर, कुठेही जायचे तर रस्त्यानेच. एस. टी. चुकली की काळी-पिवळी जीप. मामंजींच्या अशा दोन जीपा होत्या आणि त्यांची दुरुस्ती ते घरीच करत. गावातल्या इतरांच्या गाड्याही यायच्या. पुढे गुडघे कुरकुरू लागले, जीपा विकल्या, नव्या गाड्या शहरातल्या मोठ्या सर्व्हिस सेंटरात जाऊ लागल्या. तिथे गाडीच वर उचलणारी लिफ्ट असते, माणसाला खाली उतरायचे कारणच उरत नाही. मामंजी जाऊनही आता चार वर्षे झाली. गॅरेजात राहिली ह्यांची मोटारसायकल, एक मोडका पाळणा आणि फळ्या टाकून झाकलेला तो खड्डा.

आता गंमत पाहा. स्वयंपाकघरात कपाट कुठे ठेवायचे हे आपण बायका ठरवतो. पण गॅरेज म्हटले की तो पुरुषांचा प्रांत! तिथे आपले मत कुणी विचारत नाही. विचारत नाहीत, पण झाडलोट कुणाची? पावसाळ्यात तिथे साचलेले पाणी बादलीने उपसायचे कुणी? भर दुपारी घरात मुलांजवळ असते कोण? म्हणूनच मी ठरवले, की या खड्ड्याच्या बाबतीत आपणही तोंड उघडायचे.

घरात मते चार होती. हे म्हणायचे, “पाण्याचा हौद करू. खोदाई फुकट झालीच आहे.” हिशेब चुकीचा नव्हता. एकशे ऐंशी घनफूट म्हणजे सुमारे पाच हजार लिटर पाणी. आपल्या भागात पाच हजार लिटरचे नाव काढले की कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, ते कोण विसरेल? थोरले भाऊजी पुण्याला असतात. त्यांचे म्हणणे फोनवरून यायचे, “बाबांची आठवण आहे, आहे तसा राहू दे.” सासूबाई म्हणायच्या, “त्याला चांगलं सारवून घ्या अन् पेवासारखी ज्वारी ठेवा.” आणि माझे मत? मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते आणि संध्याकाळी घरी शिकवणी घेते. बारा-तेरा मुले बैठकीच्या खोलीत दाटीवाटीने बसतात. पाहुणे आले की शिकवणी बंद. मला ती गॅरेजची जागा हवी होती, सपाट, कोरडी आणि उजेडाची. माझ्या मताला घरात ‘सुनेची हौस’ असे नाव पडले.

असेच चालले असते. पण एका संध्याकाळी पाढे म्हणून झाल्यावर मुले अंगणात लपाछपी खेळू लागली. आईबाप न्यायला आले तेव्हा एक मुलगा कमी. हाका मारल्या, गल्ली पाहिली, माडीवर पाहिले. शेवटी सापडला खड्ड्यात! दुसऱ्या मुलाच्या मदतीने त्याने एक फळी सरकवली होती आणि आत उतरून ती पुन्हा ओढून घेतली होती. हसत हसत वर आला. त्याला काही झाले नाही. पण त्याच्या आईचा चेहरा मी पाहिला आणि त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना, बांधकामाच्या मिस्त्रींना, मामंजींच्या जुन्या मेकॅनिकना विचारायला लागले. जे कळले ते तुम्हालाही सांगते, कारण खड्डा गॅरेजातलाच असला पाहिजे असे नाही.

पहिली गोष्ट हवेची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. आपला स्वयंपाकाचा गॅसही हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. जड वायू पाण्यासारखा सखल जागा शोधतो. म्हणजे गॅरेजात मोटारसायकलची टाकी थेंब थेंब गळत असली, किंवा तिथे ठेवलेल्या सिलिंडरचा वायसर खराब असला, तर वर उभ्या माणसाला वासही येणार नाही आणि खड्डा मात्र भरलेला असेल. मग कुणी काडी ओढली, किंवा बटणाची ठिणगी पडली, की संपले. म्हणून अशा जागेत सिलिंडर, रॉकेल, रंगाचे थिनर असले काही ठेवू नये, आणि खड्ड्यात विजेचे बटण तर नकोच.

सासूबाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्या माहेरी पेवात उतरायच्या आधी कंदील सोडायचे. कंदील विझला की कुणी उतरायचं नाही.” तुमच्यापैकी ज्या खेड्यातून आल्या असतील त्यांना पेव ठाऊक असेलच. जमिनीत खोदलेले, तोंड लहान आणि पोट मोठे असे धान्याचे कोठार. आतून कडबा-पाचटाचा थर द्यायचा, ज्वारी भरायची, वरून मातीने तोंड बंद करायचे. ज्वारी त्यात वर्षानुवर्षे राही. पण धान्यही श्वास घेते, बाई! ओलसर असेल तर जास्तच. आतला प्राणवायू संपतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड तळाशी साचतो. तोही हवेपेक्षा दीडपट जड. म्हणून तर पेव उघडून बराच वेळ तसेच ठेवत आणि मग कंदील सोडत. जुन्या माणसांचे शहाणपण खरेच मोठे. मात्र तो कंदील गॅरेजच्या खड्ड्यात चालणार नाही, उलट पेट्रोलच्या वाफेत तोच कंदील स्फोट घडवील. जागा बदलली की शहाणपणाची रीतही बदलावी लागते.

दुसरी गोष्ट पाण्याची. हौदाचा बेत मला मनापासून आवडला होता, खोटे कशाला बोलू? पण त्या खड्ड्याच्या भिंतींनी वीसेक वर्षे जळके ऑईल प्यायले होते. विटा काळ्या, सांधे काळे, तळाचा कोबा काळा. वापरलेल्या इंजिन ऑईलमध्ये धातूंचे कण आणि घातक द्रव्ये उतरलेली असतात. वरून सिमेंटचा गिलावा केला तरी तेलकट भिंतीवर तो धरत नाही, पोपडे सुटतात. असले पाणी पिण्याला तर नाहीच, भांड्यांनाही नको.

मग ह्यांनी दुसरी युक्ती काढली, छपराचे पावसाचे पाणी खड्ड्यात सोडून जमिनीत मुरवायचे. कल्पना चांगली, जागा वाईट. तळातून पाणी मुरेल ते तेलही बरोबर घेऊन जाईल, आणि आमची बोअर तिथून वीस पावलांवर! आपणच आपल्या पाण्यात विष कालवायचे का? पाणी मुरवायला स्वच्छ जागी वेगळा खड्डा घ्यावा. तळाला मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू, आणि पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडण्याची सोय. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी सुमारे शंभर लिटर पाणी होते, तेव्हा ते वाया घालवू नये हे मात्र खरेच.

तिसरी गोष्ट जमिनीची. आपली काळी माती मोठी लहरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दर वर्षी हे ढकलणे-ओढणे सोसून खड्ड्याच्या भिंतीला आडवी चीर गेली होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या मुखेड तालुक्यात जो भयंकर पाऊस झाला आणि लेंडी नदीकाठच्या गावांत पाणी शिरून माणसे गेली, ते तुम्ही वाचलेच असेल. त्या गावांच्या दुःखापुढे आमच्या खड्ड्याची काय कथा! पण त्या आठवड्यात आमच्या खड्ड्यातही चिरेतून झिरपून गुडघाभर पाणी आले. पाणी आले की डास. डेंग्यूचा डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. म्हणून तर आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळा असे आरोग्य खात्याच्या बायका दारोदार सांगतात. भांडी कोरडी करता येतील, माठ पालथा घालता येईल. खड्डा पालथा कसा घालायचा?

आता राहिला प्रश्न, नुसता झाकून ठेवावा का? फळ्या कुजतात, वाळवी लागते. पत्रा घातला तर तो वाकतो. पक्का स्लॅब टाकला तर आत अंधारी, ओलसर पोकळी कायमची राहते. घुशी, साप, विंचू सगळ्यांना घर मिळते, आणि दहा वर्षांनी त्या घरात राहणाऱ्याला खाली काय आहे हे माहीतही नसते. जी पोकळी दिसत नाही तिची भीती जास्त.

म्हणजे बुजवणे हाच मार्ग. पण बुजवणे नुसते मातीचे काम नव्हते. सासूबाई एका दुपारी खड्ड्याच्या काठावर बसल्या होत्या. म्हणाल्या, “किल्लारीचा भूकंप झाला ना, तवा सगळीकडून मदत निघाली. ह्यांची जीप बिघडलेली. रातभर खड्ड्यात उतरून पाटे बदलले अन् दिस उगवायला भाकरी-पिठलं, घोंगड्या घालून निघाले. चार दिसांनी परत आले तर आठ दिस कुणाशी बोलले न्हाईत.” १९९३ सालच्या ३० सप्टेंबरची ती पहाट. मी तेव्हा लहान होते. मला तो खड्डा म्हणजे धोका वाटत होता. त्यांना तो नवऱ्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी रात्र वाटत होती. सांगा, अशा वेळी सुनेने काय बोलावे?

मी वाद घातला नाही. नुसते विचारले, “आत्याबाई, तुमच्या माहेरचं पेव पुढं काय झालं?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बापानं बुजवलं. ज्वारी पोत्यात ठेवायला लागले, मग पेव रिकामं. रिकामं पेव उघडं ठेवू नये म्हणायचा. लेकरू पडतं, वासरू पडतं. बुजवून वर बैल बांधले.” आणि लगेच पुढे, स्वतःच, “दाणे असले तर ते पेव गं. दाणे न्हाईत तर नुसता खड्डा.” मी काही न बोलता चहा ठेवायला उठले. बुजवायचे त्यांनीच ठरवले होते.

थोरल्या भाऊजींना फोनही त्यांनीच केला. भाऊजींचे ‘बाबांची आठवण’ सुरू झाले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “आठवण तुझ्याकडं हाय, खड्डा आमच्याकडं हाय. सूनबाई म्हणती तसं होऊ दे.” मैत्रिणींनो, लग्नाला तेरा वर्षे झाली, पण माझ्या मताला ‘हौस’ न म्हणता कुणी ‘सूनबाई म्हणती’ म्हटले ते त्या दिवशी पहिल्यांदा. भाऊजीही भले माणूस, दुसऱ्याच आठवड्यात मुरमाचे अर्धे पैसे त्यांनी पाठवले.

दिवाळीनंतर काम काढले. ज्यांना असे काही करायचे असेल त्यांच्यासाठी क्रम सांगते.

आधी फळ्या काढून खड्डा दोन दिवस उघडा ठेवावा. मोटारसायकल बाहेर काढावी, आसपास काडी-उदबत्ती काही नको. उतरणारा माणूस एकटा नसावा, वर दुसरा माणूस आणि हाताशी दोर हवा. खाली गेलेल्याला भोवळ आली तर त्याच्या मागे उडी मारायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधी बजावून ठेवावे. विहिरीत, टाकीत एकामागून एक माणसे जातात ती याच मायेपोटी. दोराने वर ओढावे आणि मदत बोलवावी.

मग तळावर लाकडाचा भुसा जाड पसरावा. एका रात्रीत तो तेल शोषून घेतो. तो झाडून पोत्यात भरावा. चुलीत किंवा बंबात मुळीच घालू नये, त्याचा धूर विषारी. तेलकट माती आणि कोब्याचे तुकडेही वेगळ्या पोत्यात. गटारात काही टाकायचे नाही. जुने ऑईल उरले असेल तर ते परवानाधारक नेणाऱ्यालाच द्यावे, आणि या पोत्यांचे काय करायचे ते नगरपरिषदेत विचारावे. तेल निघाल्यावर तळाचा कोबा फोडावा, नाहीतर भराव घातला तरी तळाशी पाण्याची परात तयार होते.

भरायला काळी माती नको, आणि घरातला कचरा, काडीकस्पट, नारळाची सोडणे तर मुळीच नको. ते कुजते आणि जमीन खचते. मुरूम घ्यावा. आमचा खड्डा एकशे ऐंशी घनफुटांचा, म्हणजे पावणेदोन ब्रासच्या थोडा वर. पण मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून सव्वादोन ब्रास मागवला. अर्धा-अर्धा फुटाचा थर टाकायचा, पाणी शिंपडायचे, धुमसाने चोपायचे आणि मगच पुढचा थर. मजूर घाई करतात, सगळा ढीग एकदम लोटून वरून चोपतात. तिथे आपण खुर्ची टाकून बसावे! मी बसले होते, मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन. दहा थर मोजून घेतले.

फरशी मात्र अजून घातलेली नाही. मिस्त्री म्हणाले, एक पावसाळा जाऊ द्या. जिथे खचेल तिथे भर घालू, मग शहाबादी बसवू. तोवर वर सतरंजी टाकून शिकवणी चालू आहे. खड्ड्यावरच्या फळ्यांपैकी चार चांगल्या निघाल्या, त्यांची सुताराने बसकी बाके करून दिली. सासूबाई संध्याकाळी दारात तांदूळ निवडत बसतात आणि मुलांचे पाढे चुकले की माझ्या आधी त्यांचाच आवाज येतो. मामंजींचे पाने आणि जॅक घासूनपुसून भिंतीवरच्या फळीवर ठेवले आहेत. मुले विचारतात तेव्हा सांगायला त्या असतात.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या घरात पिट नसेल. पण वापरात नसलेला हौद, जुना शोषखड्डा, शेतावर पाणी न लागलेली बोअर, वाड्यातले पेव यांपैकी काहीतरी असेलच. २००६ साली हरियाणातल्या एका खेड्यात पाच वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला आणि साऱ्या देशाने दोन दिवस श्वास रोखून धरला होता. तो वाचला, पण त्यानंतरही किती मुले गेली! २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा बोअर जमिनीच्या पातळीपर्यंत भरून बंद कराव्यात असे निर्देश दिले. न्यायालय सांगते, सरकार सांगते. पण आपल्या परसात कुठे काय उघडे आहे ते आपल्याशिवाय कुणाला दिसणार?

येत्या रविवारी घरातल्यांना चहा देताना विषय काढून पाहा. ‘पाहू’, ‘करू’, ‘राहू दे’ अशी उत्तरे येतील. येऊ द्यात. तुम्ही खोली, लांबी, रुंदी मोजून आकडे कागदावर लिहा, मुरमाचा भाव विचारून ठेवा आणि कागद त्यांच्यापुढे सरकवा. नुसत्या बोलण्याला हौस म्हणता येते, बायांनो. हिशेबाला तसे म्हणता येत नाही.